माहेरी पंधराशे, सासरी तेराशे

माझ्या साडूंइतका चिंताग्रस्त माणूस अख्ख्या गोव्यात दुसरा नसेल. असलाच, तर तो साडूंचीच चिंता करत बसला असेल. आमोण्याच्या धक्क्यावर खनिजाच्या ट्रकांचे वजन करण्यात त्यांची तीस वर्षे गेली. रिकामा काटा शून्यावर उभा दिसल्याखेरीज त्यांनी एकही ट्रक वर चढू दिला नाही. मागे रांग लागो, ड्रायव्हर हॉर्न वाजवून कान फोडोत, साडू बोट वर करून म्हणायचे, "रव रे! आधी शून्य." पुढे खाणी थंडावल्या, साडू घरी बसले, आणि मुलीने त्यांच्या मोबाइलवर बुद्धिबळ घालून दिले. एका नव्हे, दोन साइटवर. तिथून घराची शांतता गेली.

कारण एका साइटवर त्यांचे रेटिंग पंधराशे दहा, तर दुसरीवर तेराशे वीस. माणूस एक, डोके एक, फुकटात उंट गमावण्याची सवयही एक; आकडे मात्र दोन! जिथे जास्त ते माहेर आणि जिथे कमी ते सासर, असे बारसे माझ्या मेहुणीने केले. साडू रोज सकाळी दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहीत, फरक काढत आणि चहात बुडवलेला उंडा पाव कपातच विरघळेपर्यंत त्या फरकाकडे पाहत बसत. शेवटी मेहुणीने विचारलेच, "अहो, रक्तदाब दोन यंत्रांर मोजलो, तेव्हा कमी तो खरो म्हणालात. मगे हंय जास्ती तो खरो कसो?" तेवढ्याने साडूंचा रक्तदाब दोन्ही यंत्रांवर वाढला. मी आगीत तेल ओतले. म्हटले, तिसरी एक साइट आहे, तिथे सोळाशे सहज मिळतात. तीन दिवस त्यांनी मला वेड्यात काढले. चौथ्या दिवशी हळूच तिचे नाव विचारले.

खरी कळ मात्र मोरजीला होती. वीस वर्षे दर आयतवारी साडू स्कूटरने मोरजीला जात आणि तिथल्या एका निवृत्त मास्तरांबरोबर सोप्यावर पट मांडून खेळत. कोण जिंकले, हे उठताना दोघांनाही आठवत नसे. आता मास्तरही मोबाइलवर खेळू लागले, तेही फक्त सासरी, आणि तिथे त्यांचे साडेचौदाशे! "साडूभाऊ," साडू माझा दंड धरून विचारत, "मास्तर सासरचे साडेचौदाशे, मी माहेरचो पंधराशे धा. मी वयर काय सकल?" वर की खाली, हे ठरल्याशिवाय मोरजीला जायचे नाही, असा त्यांनी पण केला. गणपतीची चवथ गेली, दिवाळी गेली. मास्तरांचा फोन आला की मेहुणीने सांगायचे, "न्हातत." एका हंगामात इतका न्हालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे पुढे फोनही कमी झाले. आयतवारी सकाळी साडू स्कूटर पुसत, किल्ली लावत, पुन्हा काढत आणि आत येऊन मोबाइल उघडत.

गेल्या आयतवारी मी हसत हसत माझा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. घोडा अडीच घरे जातो, यापलीकडे मला बुद्धिबळ येत नाही. गंमत म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या माहेरी खाते उघडले होते. एक प्यादेही हलवले नव्हते, तरी माझ्या नावापुढे आकडा होता: पंधराशे.

साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझे हसू तिथेच आटले.

"म्हणजे रिकामो काटोच पंधराशे दाखयता," ते हळू आवाजात म्हणाले. "तीस वर्सां, आधी शून्य बघलंय. आणि हंय बघूकच विसारलंय."

मी माफी मागायला तोंड उघडले, तोवर त्यांनी चपला चढवल्या होत्या. मी स्कूटरवर मागे बसलो. स्कूटर थेट मोरजीला मास्तरांच्या दारात थांबली.

मास्तर सोप्यावरच होते. साडूंना पाहून त्यांनी पेपर खाली ठेवला. "झालां न्हावन?"

साडूंनी मान खाली घातली. "मास्तर, माझे तेराशे वीस."

"बस मरे. चा निवता."

मास्तरांनी आतून पट आणला. इतक्या महिन्यांत त्यावर धुळीचा कण बसलेला नव्हता. साडूंनी सोंगट्या एकेक करून आपापल्या घरात उभ्या केल्या, आणि पहिले प्यादे उचलण्याआधी हात मांडीवर ठेवून क्षणभर थांबले, जणू काटा स्थिर होण्याची वाट पाहत होते.