थैलीच्या संगची बाटली

नामदेवाच्या घरी साठलेल्या त्या चौदा बाटल्या शेवटी कोनं विकत घेतल्या, सांगा पाहू. चुकले त चहा तुमच्याकडून. मी ज्याले ज्याले इचारलं तो एकच नाव घेते, अन् अर्धाच बरोबर येते.

आता हे किस्से काही मी जमा कराले गेलो नोतो. घरात जशा रिकाम्या बाटल्या जमतात तसे जमले. फेकाले हात होत नाही, अन् ठेवाले जागा नाही.

आमचं गाव बोरी अरबच्या जवळच. खताच्या दुकानाले आमी तिथंच जातो. दुकान मोतीशेठचं. मानूस तसा वाईट नाही, अन् वाईट म्हनताही येत नाही, कारन तो आमच्या गावचा जावई. त्याची बायको सुमनताई आमच्याच आळीतली. मी तिले फ्रॉकमधी पाह्यलं आहे, मले ती अजूनही दादा म्हनते.

* * *

पयल्यांदा झालं ते असं. पेरनीचे दिवस होते. मी अन् नामदेव डीएपी आनाले गेलतो. नामदेव म्हनजे आमच्या गावचा मुका कास्तकार. मुका नाही तसा, पन बोलत नाही. त्याच्या वाटचं मी बोलतो.

शेठनं थैली काढली अन् थैलीवर एक हिरवी बाटली ठेवली.

मी म्हनलं, हे काय?

म्हने, टॉनिक. समुद्राच्या शेवाळाचं. पिकाले ताकद येते.

मी म्हनलं, आमाले फक्त थैली पाह्यजे.

शेठ म्हने, "फक्त थैली भेटत नाही, महादेवभाऊ. लिंकिंग आहे. वरून आलं आहे."

"वरून त पाऊसही येते," मी म्हनलं, "तो काही संग बाटली देत नाही."

दुकानातले सारे हासले. शेठही हासला. बाटलीचे पैसे मात्र घेतलेच. थैली सरकारी भावात, बाटली छापील भावात, दोनशे चाळीस!

वापस येतानी नामदेव बंडीत बसून ती बाटली फिरवू फिरवू पाहत होता. फाट्यावर आल्यावर बोलला. म्हने, "महाद्या, हे बाटली मी फोडनार नाही. एक दिवस शेठच हे पैसे देऊन वापस नेईन."

मी त्याले म्हनलं, तोपर्यंत समुद्र आटून जाईन लेका.

* * *

आमचा गुलाब राठोड तांड्यावरचा. त्याले वाटलं, पैसे देले आहे त वापरून पाहू. वावरात टाकाची हिंमत झाली नाही, म्हनून घरामागच्या दोडक्याच्या वेलाले टाकलं.

वेल असा सुटला राज्या! आधी कुडावर, मंग छपरावर, मंग बाजूच्या लाइटच्या खांबावर. लाइनमन आला अन् खाली उभा राहून वर पाहत राह्यला. म्हने, हे कोनाचं कनेक्शन आहे?

पानं हे एवढाली. दोडका मात्र एक नाही.

गुलाब तावातावानं दुकानात गेला. शेठनं शांतपनं सारं आयकून घेतलं अन् मांगच्या फळीवरून दुसरी बाटली काढली. म्हने, "तुमी नेलं ते वाढीचं होतं. फळाचं वेगळं येते."

* * *

मी नामदेवासारखा हट्टी नाही. मले घरात बाटली नोती पाह्यजे. यवतमाळले जात होतो, तवा पिशवीत घेतली अन् यष्टीतच सीटखाली ठेवून उतरलो. म्हनलं, जाऊ दे, कोनाच्या त कामी येईन.

आता आमच्या फाट्यावर यष्टी थांबवा लागते म्हनजे मधी उभं राहून हात जोडा लागते. म्हातारी बाई असो, लेकुरवाळी असो, डायवर सोडून देते.

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर टपरीत बसून राह्यलो होतो. यष्टी आली अन् आपल्या मनानं थांबली! कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. म्हने, "ओ बाबा, काल तुमची बाटली राह्यली ना."

फाट्यावरचे सारे माह्याकडे पाहून राह्यले. त्याईले वाटलं दुसरीच बाटली आहे.

* * *

गावात मंग तो शब्दच पडला. काही बी झालं की लिंकिंग.

नामदेवाचा जावई आखाडीले जेवाले आला, संग लहान्या भावाले घेऊन आला. जावई चार दिवसानं गेला. भाऊ राह्यला पोळ्यापर्यंत. दोन टाइम जेवे अन् दिवसभर मोबाइल पाहे.

नामदेवाची बायको वच्छलावहिनी. नवरा बोलत नाही ते सारं देवानं तिच्या तोंडात ठेवलं. कोनी इचारलं की वहिनी पाहुने कवा जानार, त ती सैपाकघरातून मोठ्यानं सांगे, "जावई थैलीतला होता, तो गेला. हे संगची बाटली आहे."

एक दिवस पोट्ट्यानं ते आयकलं, अन् त्याच संध्याकाळी आपल्या मनानं फाट्यावर जाऊन उभा राह्यला. त्याच्यासाठी मात्र यष्टी थांबली नाही. वहिनीनं बंडी जुपाले लावली.

* * *

त्याच साली बोंडअळी आली. बोंड फोडलं की आतमधी गुलाबी अळी, कापूस नावाले. जे घरी आलं त्याले भाव नोता. संक्रांत आली अन् बायांपुढं प्रश्न पडला, वानाले काय लुटाचं? हळदीकुंकू त सोडता येत नाही. कोनी वाटी देते, कोनी डबी देते, पन आनाची कुठून?

वच्छलावहिनी कोनाड्यापुढं उभी राह्यली. कोनाड्यात हिरव्या बाटल्या लाइनीनं होत्या.

तिनं एकेका बाटलीच्या झाकनाले कुंकवाचं बोट लावलं, अन् तिळगुळासंग वान म्हनून बायाईले एकेक देऊन टाकली. आली ते बाई हासत गेली. नामदेवाचा जीव खालीवर होऊन राह्यला होता, पन बायांच्या कार्यक्रमात त्याचं कोन आयकते?

गंमत पुढंच आहे. थैल्या त साऱ्या गावानंच घेतल्या होत्या. वहिनीची आयडिया साऱ्याईले आवडली. दुसऱ्या दिवशीपासून ज्या घरी हळदीकुंकू, त्या घरी वानाले बाटली! रथसप्तमीपर्यंत वहिनीनं जेवढ्या देल्या होत्या, तेवढ्या तिच्या घरी वापस आल्या, पन कोऱ्या झाकनाच्या. एकच कमी पडली. नामदेवानं मोजून पाह्यलं अन् मंग झोपला.

ते एक कुठं गेली? सुमनताई संक्रांतीले माहेरी आलती, ते घेऊन गेली.

आता पुढच्या पेरनीची गोष्ट. नामदेव अन् मी पुन्हा थैली आनाले गेलो. शेठनं थैली काढली, थैलीवर बाटली ठेवली. नामदेवानं बाटली उचलली अन् झाकन मले दाखवलं.

झाकनावर कुंकू होतं!

मी म्हनलं, "शेठ, बाटली लय गुनाची आहे. सवाष्न दिसते."

शेठ काही समजला नाही. म्हने, नवीन स्टॉक आहे. नामदेवानं त्याच्याच बाटलीचे दुसऱ्यांदा पैसे देले अन् घरी आनून कोनाड्यात तिच्या जाग्यावर ठेवली.

* * *

आता शेवटचा आयका.

त्या साली पुन्हा कपाशीचा भरवसा राह्यला नोता. नामदेवानं अर्ध्या वावरात सोयाबीन पेरलं होतं, ते निघालं. वावर मोकळं झालं. जमिनीत ओल चांगली होती. आता हरभरा साधला त घर उभं राहीन, असा हिशोब. पन हरभऱ्याले ओल पाह्यजे, अन् ओल काही कोनासाठी थांबत नाही. नामदेव बंडी घेऊन खत आनाले बोरीले गेला.

शेठ म्हने, या वेळी थैलीमांगं दोन बाटल्या.

नामदेवानं बैल वळवले. रिकामी बंडी घेऊन वापस आला. मी वावराच्या धुऱ्यावर भेटलो त माती मुठीत घेऊन उभा. गोळा होत होता, पन दाबला की फुटत होता. म्हने, "दोन दिवस, महाद्या. मंग बी टाकून फायदा नाही."

दारव्ह्याले जाऊन पाह्यलं, तिथं मालच नोता. वहिनी म्हने, घ्या ना दोन बाटल्या, हट्ट कायले करता? नामदेवानं मान हलवली. हट्टाचं बी एक वय असते, पन त्या मानसाचं ते सरलंच नोतं.

दुसऱ्या दिवशी नवरात्राची देवी उठनार होती, म्हनजे इसर्जन. आमच्या गावात देवी उठाच्या आधी दुपारी लिलाव होते. देवीपुढचं नारळ, देवीची साडी, फळं. पैसे मंडळाले. लिलाव मी पुकारतो, काहून की आवाज मोठा आहे अन् लाज कमी आहे. मानाचं नारळ दरसाल मोतीशेठच घेते. लग्न झाल्याच्या साली त्यानं ते नारळ दुकानाच्या गल्ल्यावर बांधलं अन् धंदा चालला, म्हनून तवापासून नेम. जावई आहे म्हनून त्याच्यावर कोनी बोली चढवत नाही. एकावन्न म्हनते अन् घेऊन जाते.

त्या दिवशी सकाळी मी नामदेवाच्या घरी गेलो. त्याले काही इचारलं नाही. वहिनीले इचारलं. वहिनीनंच पदरात बाटल्या भरून देल्या.

मांडव भरला. शेठ पुढं खुर्चीवर, सुमनताई बायाईत. मी नारळ उचललं अन् आवाज लावला. शेठ म्हने, एकावन्न.

मी नारळ टेबलावर ठेवलं अन् त्याच्या बाजूनं एकेक करून चौदाही हिरव्या बाटल्या मांडल्या.

शेठ म्हने, "हे काय?"

"लिंकिंग," मी म्हनलं.

"मले फक्त नारळ पाह्यजे."

"फक्त नारळ भेटत नाही, शेठ."

"काहून?"

मी देवीकडे हात केला. "वरून आलं आहे."

मांडवात असा हासा उठला की ढोलवाल्यानं उगाच दोन थाप मारून देल्या. शेठचा चेहरा लाल झाला. तो उठला. मले वाटलं आता जाते हा, अन् संग नामदेवाचा हरभराही जाते.

तेवढ्यात मांगून नामदेव पुढं आला. साऱ्या गावापुढं तो मानूस पयल्यांदा बोलला असन. म्हने, "शेठ, मले बी फक्त थैलीच पाह्यजे होती. वावरात आजची अन् उद्याची ओल आहे."

कोनी हासलं नाही.

शेठ उभाच राह्यला. मंग खाली पाहून म्हने, "नामदेवभाऊ, मले बी कंपनी असंच करते. दहा थैल्या पाह्यजे त एक खोकं घे म्हनते. माह्या घरी पाय ठेवाले जागा नाही या बाटल्याईपायी."

मी म्हनलं, मंग तुमी बी आमच्यातलेच झाले.

शेठनं देवीकडे पाह्यलं. कंपनीशी भांडाचं का देवीशी, असा त्याचा इचार चालू दिसत होता. सुमनताईकडेही एकदा पाह्यलं. म्हने, "सकाळी बंडी घेऊन येजो. थैल्या बिनबाटलीच्या नेजो. अन् तूच नाही, सारं गाव नेजो. माह्या दुकानात बाटली बंद."

ढोलवाल्यानं आता बरोबर वाजवलं. वच्छलावहिनीनं पदर डोळ्याले लावला, अन् कोनी पाह्यलं त नाही म्हनून इकडंतिकडं पाह्यलं.

शेठनं हात पुढं केला. म्हने, "आता दे बाप्पा माहं नारळ. बिनबाटलीचं."

मी नारळ उचललं. सौदा झाला होता, मी काही खोटा मानूस नाही. द्यालेच लागलो होतो.

"थांब दादा."

बायाईतून सुमनताई उठून आली. टेबलाजवळ येऊन तिनं बाटल्या पाह्यल्या. त्यातली कुंकवाची बरोबर उचलली, झाकनावरून बोट फिरवलं, अन् नवऱ्याकडे पाह्यलं. हे मले देलेलं वान होतं, हे तुमी कोनाले इकलं, असं तिनं इचारलं नाही. इचाराची गरजच नोती. शेठनं मान खाली घातली होती.

मंग ती मले म्हने, "साऱ्या बांधून दे. औंदा संक्रांतीले मले वान लुटाचं आहे."

शेठ हळूच म्हने, "अवं, घरी खोल्या भरल्या आहे ना."

"त्या कंपनीच्या," ताई म्हने. "ह्या माह्या माहेरच्या."

नामदेवानं बाटल्या पोत्यात भरल्या, मधी सोयाबीनचं कुटार लावून, एक बी फुटू नाही अशा. ताईनं सांगतलं, बाटल्याईचे पैसे मंडळाले नाही, नामदेवभाऊच्या हातात द्या. शेठ म्हने, काही कमीजास्त?

मी म्हनलं, "छापील आहे, शेठ."

मले काही हिशोब येत नाही. शेठनंच बोटावर केला. नारळाचे एकावन्न. बाटल्याईचे तीन हजार तीनशे साठ.