मी बेसिनमध्ये ओतलेला गाळ

लखमी तिसरा नमुना घेऊन आली, तोवर तिच्या बैलाच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज वाढली होती. रानशेतहून जीपने डहाणूला येताना शेणाचा डबा तिनं मांडीवर धरला होता. वर सागाचं पान. बैल चारा सोडून बसलाय, म्हणाली. नांगरणी पंधरा दिवसांवर आलेली. जोडीतला एक बसला तर दुसरा एकटा काय ओढणार?

मी जनावरांच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. साध्या भाषेत, शेण तपासणारी बाई. नातवंडं अजून ‘शेणवाली आजी’ म्हणतात, मला ते आवडतं.

आधीचे दोन्ही रिपोर्ट माझेच होते. दोन्हींवर माझ्या वळणदार अक्षरात ‘अंडी नाहीत’. डॉक्टरांनी पहिल्या वेळीच विचारलं होतं, “ताई, फ्लूक नाही ना? सूज तशी वाटते.” लिव्हर फ्लूक म्हणजे पानासारखा चपटा किडा. तो जनावराच्या यकृतात राहतो, मटणवाल्याच्या भाषेत कलेजीत. तिथे रक्त पितो. जनावर अशक्त होतं आणि जबड्याखाली पाणी साठतं. किड्याची अंडी शेणातून बाहेर पडतात, ती शोधणं माझं काम.

“तीस वर्षं स्लाइड बघतेय, डॉक्टर,” मी म्हटलं. “असता तर दिसला असता.”

बिचारा माझ्या मुलाच्या वयाचा. खुराक वाढवायला सांगितला, खनिजांची पावडर दिली. त्यात वीस दिवस गेले. ही २०१६ची गोष्ट. मी तेव्हा तरुण होते, सत्तावन्न वर्षांची. त्या वयात बाईला सगळं कळतं.

या वेळी लखमी डबा देऊन बाहेर बसली नाही. माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली. मलाही प्रेक्षक हवाच असायचा. मी तिला दाखवत गेले. पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत टाकायचं. त्यात शेण कालवायचं, गाळायचं, टेस्ट ट्यूब काठोकाठ भरायची. वर काचेचा पातळ तुकडा ठेवायचा. अंडी हलकी, ती तरंगून काचेला चिकटतात. वीस मिनिटांनी काच मायक्रोस्कोपखाली.

काच लख्ख होती. मी पेन उचललं.

“आनि खाली बसलं ते?” लखमीनं विचारलं.

“ते टाकून द्यायचं.”

“आमी उलटं करतो, बाय.”

पेरणीआधी भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकायला ती कोसबाडच्या कृषी केंद्रात शिकली होती. त्याच आठवड्यात घरी केलंही होतं. वर येतं ते पोचट, ते काढून टाकायचं. तळाला बसतं ते भरलेलं, तेच पेरायचं.

“तू भरलेलं टाकून देतेस?” ती म्हणाली. चेष्टा नव्हती, खरंच विचारत होती.

भात आणि अंडी यांतला फरक समजावायला मी तोंड उघडलं आणि मलाच आठवलं. फ्लूकचं अंडं जड असतं. मिठाच्या पाण्यातही ते तळालाच जातं. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. त्याची तपासणी वेगळी, गाळ पुन्हा पुन्हा धुऊन करायची, तासभर खाणारी. आमच्याकडे बहुतेक नमुने शेळ्यांचे. त्यांच्या पोटातल्या जंतांची अंडी हलकी, वर येणारी. म्हणून तासभराची पद्धत मी कधीतरी सोडून दिली, आणि सोडल्याचंही विसरले. लखमीच्या बैलाचं उत्तर मी दोनदा बेसिनमध्ये ओतलं होतं. वर फिनेल टाकलं होतं, स्वच्छतेची मला फार आवड.

डब्यात शेण उरलं होतं. साध्या पाण्यात कालवलं, बसू दिलं, वरचं पाणी ओतलं. पाणी नितळ येईपर्यंत तेच. मग गाळावर निळ्या रंगाचा थेंब. शेणाचा सगळा कचरा निळा होतो, फ्लूकचं अंडं तेवढं पिवळं राहतं.

निळ्यात पिवळी अंडी. मी मोजायच्या भानगडीत पडले नाही. लखमीला बघायला लावलं आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“माझे दोन्ही रिपोर्ट चुकलेत. फ्लूक आहे.”

त्यांनी औषधाची बाटली बॅगेत टाकली. “चला ताई, तुम्हीही.” त्यांच्या बाइकवर मागे बसून रानशेतपर्यंत हाडं खिळखिळी झाली. ती शिक्षा होती का, हे मी अजून विचारलेलं नाही.

बैलाला औषध पाजून डॉक्टर पाड्यावरची गुरं पाणी पितात त्या तळ्यावर गेले. आजूबाजूचा माळ करपलेला, हिरवं गवत फक्त पाण्याच्या काठाला. गुरं तिथेच चरणार. डॉक्टरांनी एक गोगलगाय उचलून लखमीला समजावलं. शेणातली अंडी पाण्यात फुटतात, अळी गोगलगायीत शिरते. तिला पिल्लं होऊ देत नाही, तिची सगळी ताकद स्वतःच्या वाढीला वापरते. मग अळ्या बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात आणि चरणाऱ्या बैलाच्या पोटात जातात.

मी गोगलगायी मारायचं औषध सुचवलं. हुशारी अजून शिल्लक होती. लखमीनं सांगितलं, त्यानं मासेही मरतील आणि आम्ही ते खातो. मग तिनं डॉक्टरांना विचारलं, “या गोगलगायींना खातं कोन?”

“बदकं,” डॉक्टर म्हणाले.

आशागडच्या बहिणीकडून तिनं सहा बदकं आणली. काठाला काट्यांचं कुंपण घातलं, गुरांना पाणी वर नेऊन दिलं. बैलाची सूज तीन आठवड्यांत उतरली. नांगरणी मागे पडली, शेजाऱ्याचा बैल जुंपून निभावली. लावणीआधीच्या चिखलणीला मात्र तिची स्वतःची जोडी उतरली. पुढच्या उन्हाळ्यात त्या पाड्यावरच्या गुरांचे नमुने मी स्वतः मागवले आणि तासभराच्या पद्धतीनं तपासले. लखमीच्या बैलांच्या गाळात काही मिळालं नाही. इतरांकडे थोडी अंडी होती, त्यांना वेळेत औषध गेलं. तळ्यातल्या गोगलगायी संपल्या नाहीत, पण आता त्या शोधाव्या लागत होत्या.

रिटायर होईपर्यंत मी रिपोर्टवर ‘अंडी नाहीत’ असं पुन्हा लिहिलं नाही. ‘या पद्धतीने अंडी दिसली नाहीत’ असं लिहायचे. रकाना लहान होता, अक्षर बारीक काढावं लागायचं.