काळ्या रंगातले खड्डे

आमच्या गच्चीवर अप्पा दीड वर्ष मोटारींचे प्लास्टिकचे तुकडे रंगवत होते. खिडकीच्या बटणांभोवतीच्या चौकटी, दाराच्या आतल्या मुठी, एसीच्या जाळीच्या कडा. जुन्या गाडीत हेच भाग आधी पांढुरके पडतात, नखांनी ओरखडतात, आणि मालकाला गाडी म्हातारी वाटायला लागते. ते काढून, घासून, काळा फवारा मारून परत बसवले की आतून गाडी तरुण दिसते. हे काम अप्पांच्या हातून गेलं ते माझ्यामुळे. घरात तसं कुणी म्हणत नाही, म्हणून मीच लिहून ठेवते आहे.

अप्पा, म्हणजे माझे वडील, शिंपी. म्हैसूरजवळच्या सरगूरला त्यांचं दोन मशिनींचं दुकान होतं. मी तिथल्याच कन्नड शाळेत शिकले. मराठी वाचायला शिकवलं ते अप्पांनी, घरातल्या भजनाच्या वहीवरून. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या बी.एस्सी.साठी त्यांनी ते दुकान आवरलं, म्हैसूरला दोन खोल्या घेतल्या आणि गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानासाठी घरी बसून सीटकव्हरं शिवायला लागले. मी पास झाले, एका खासगी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. त्याच सुमारास दुकानात तयार कव्हरं यायला लागली आणि अप्पांचं शिवण जवळजवळ थांबलं. उरली ती फाटक्या कव्हरांची दुरुस्ती.

दुकानदार आमच्यासारखेच घरी मराठी बोलणारे. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या फौजेत होते म्हणे, आणि ते आवाजावरूनही कळायचं. अप्पांना काका म्हणायचे. त्यांनीच विचारलं, "काका, सुम्मने रिकामे बसून काय करता? हे फवारायचं काम करता काय? बारीक हात लागतो. माझ्या पोरांना जमत नाही."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. वाचून, व्हिडिओ बघून सगळी पद्धत मीच कागदावर लिहून काढली: साबणानं धुवायचं, पाण्याच्या पॉलिशपेपरनं घासायचं, थिनरनं पुसायचं, प्लास्टिकचा प्रायमर, मग काळ्याचे पातळ हात, शेवटी चमकीचा. अप्पा मला मास्तरीणबाई म्हणायला लागले. "मास्तरीणबाई, दुसरा हात मारू काय, का अजून वाळायचाय?" चेष्टा होती, पण मी हो म्हटल्याशिवाय ते खरंच डबा उचलत नसत.

हात मात्र त्यांचाच. रेक्झिनला पायपिंग लावताना शिलाई कडेच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडतात, तसा ते फवाराही तुकड्याच्या बाहेर सुरू करायचे आणि पलीकडे जाऊन सोडायचे. कुठे ओघळ नाही, कुठे जाड-पातळ नाही. थर्माकोलमध्ये टाचण्या रोवून त्यांवर तुकडे उभे करायचे आणि सकाळी वारा सुटायच्या आत काम संपवायचे. गाडीवाले दुकानात विचारायला लागले, कोण करतो हे. अप्पा तिथून आले की आईला सांगायचे, "कंपनीचं आहे काय म्हणून विचारलं गं एकानं." पुन्हा पुन्हा सांगायचे. शिवण सुटल्यापासून त्यांच्या कामाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

दुरुस्तीची कव्हरं शिवताना मशीनचा पाय रेक्झिनला चिकटायचा आणि ते ओढून ओढून त्यांचा खांदा दुखायचा. ज्यांनी मला शिकवलं त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मला फार वाटायचं. मी सिलिकॉनच्या फवाऱ्याचा एक डबा आणला. मशीनच्या पायावर, खालच्या पट्टीवर, टेबलावर मारला की रेक्झिन लोण्यासारखं सरकतं. दर रविवारी मी स्वतः मारायची. अप्पा खुर्ची मागे सरकवून म्हणायचे, "बघा, इंजिनियर आल्या."

मशीनच्या शेजारीच कापायचं लांब टेबल होतं. धुतलेले तुकडे त्यावरच वाळत असायचे.

पुढच्या काही आठवड्यांत रंगात खड्डे दिसायला लागले. बारीक, गोल, माशाच्या डोळ्यांसारखे. काळा रंग फवारला की क्षणात तिथून मागे सरायचा आणि मध्ये उघडं प्लास्टिक दिसायचं. अप्पा ते सगळं घासून काढायचे, परत मारायचे, परत खड्डे. पॉलिशपेपरनं त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली. मी आधी रंगाच्या डब्याला दोष दिला, मग पावसाळी हवेला. मग म्हटलं, "अप्पा, तुम्ही फार जवळून मारता." ते लांबून मारायला लागले. एकदा म्हणाले, "आत खोलीच्या हवेत काही असेल काय गं?"

मी हसले. "हवेत काय असणार अप्पा?"

"नाही, विचारलं."

आयुधपूजा जवळ आली. म्हैसूरात त्या दिवशी सायकलपासून लॉरीपर्यंत सगळ्याला झेंडू लागतो आणि आधीचे पंधरा दिवस गाड्यांच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा आतला सगळा संच आमच्याकडे होता. तीनदा घासूनही खड्डे होतेच. दिवस संपले, म्हणून तसाच खोक्यात घालून आम्ही दोघं बसनं दुकानात गेलो. वाटेत मी कारण शोधत होते. दुकानदार मला विचारणार हे मला माहीत होतं. पद्धत माझी होती, आणि पदवीही माझी. अप्पांच्या मशीनच्या खणात एक तेलकट कापड असायचं, मशीन पुसायचं. तुकडे त्यानं पुसताना मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. बसमध्ये ती नुसती शंका होती.

दुकानदारांनी चौकट उजेडात धरली. "काय काका, कांजिण्या आल्यात काय हिला?" दुकानातली पोरं हसली. मग ते माझ्याकडे वळले. "अक्का, हा माणूस गाडी देवळापुढं लावणार, कोहळा फोडणार आणि आत बसून हे बघणार. मत्ते मग दुसरा कोहळा माझ्या डोक्यावर. काय झालं काय? काकांचा हात कापतो काय आता?"

हा प्रश्न अप्पांसमोर मला विचारला होता. नाही, एवढंच म्हणायचं होतं.

"हात नाही हो," मी म्हटलं. "मशीन पुसायचं तेलाचं कापड यांना सोडवत नाही. त्यानंच पुसतात. कितीदा सांगितलं. जुनी सवय, आणि वय झालं ना."

अप्पा खोकं धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, पाटीवरचं गणित नीट वाचावं तसं. मग दुकानदारांना म्हणाले, "ती शिकलीय. तिला कळतं. माझंच चुकलं असेल."

"परवागिल्ला काका, काही हरकत नाही," दुकानदार म्हणाले. "आता आराम करा. पोरगी कमावतेय, अल्ला? नाही का?" त्या दिवसापासून ते काम एका गॅरेजवाल्याकडे गेलं. परतताना बसमध्ये अप्पा एवढंच बोलले, की पुढच्या स्टॉपला गर्दी होईल, तू आधीच दाराशी जा.

खरं काय ते मला दोन महिन्यांनी कळलं, आणि तेही माझ्याच प्रयोगशाळेत. एका विद्यार्थिनीनं ब्युरेटच्या तोटीला सिलिकॉनचं वंगण जास्त लावलं होतं. काचेवरून पाणी सरळ उतरेना. जागोजागी थेंब मागे सरत होते आणि मध्ये गोल कोरडे डाग राहत होते. मी सवयीनं सांगायला सुरुवात केली की काचेला सिलिकॉनचा अंशही लागला तर द्रव पसरत नाही, साध्या धुण्यानं तो जात नाही, आणि हात लागेल तिथं पसरतो. हे मी दरवर्षी सांगते. वाक्य पुरं व्हायच्या आत मला गच्चीवरच्या चौकटी दिसल्या.

तशीच दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. दुकानदारांनी शांतपणे ऐकलं. "असेल अक्का. पण गॅरेजवाला आता दारातून घेऊन जातो, दारात आणून देतो. त्याला काय सांगू? आणि काकांनी स्वतःच कबूल केलं होतं ना, सगळ्यांसमोर."

घरी अप्पा माझीच वाट बघत चहाला थांबले होते. मी त्यांना सिलिकॉनचं सांगितलं. दर रविवारी मी काय मारत होते तेही सांगितलं. ते उठले आणि कपाटातून, जुन्या मापांच्या वह्यांखालून, बटणांची एक चौकट काढून माझ्या हातात दिली. एका बाजूची खाच तुटलेली, दुकानानं टाकून दिलेली. काळी, सपाट, चमकदार. एक खड्डा नव्हता.

"ही गच्चीवरच धुतली, तिथंच वाळवली, तिथंच मारली. खाली आणलीच नाही," ते म्हणाले. "दुकानात जायच्या आदल्या दिवशी. तिथं दाखवू म्हणून खिशात घेऊन आलो होतो."

"मग दाखवली का नाही अप्पा?"

"तू बोलून झालं होतंस."

आत आईनं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी म्हटलं, दुसरी दुकानं आहेत, मी विचारते, आपण परत सुरू करू. अप्पांनी चौकट माझ्या हातातून घेतली, सदऱ्याच्या टोकानं तिच्यावरचे माझ्या बोटांचे ठसे पुसले आणि वह्यांखाली परत ठेवली.

"साकु, पुरे आता," ते म्हणाले. "आणि कॉलेजात हे कुणाला सांगू नकोस. तुला हसतील."