वरातीची घोडी विकणार नाही

आज रविवार. सकाळी घोडीला खरारा केला आणि पहिल्यांदाच एकटीनं तिचे खूर साफ करायला घेतले. हे गेल्यापासून मी हेच शिकतेय, तिच्यावर बसायलाही.

तीन खूर झाले, तेवढ्यात दीर वडीगोद्रीचं गिऱ्हाईक घेऊन आले. “वहिनी, इकून टाका. विधवेनं सजवलेल्या घोडीवर कोणता नवरदेव बसंल?”

“मंग खूर तुम्ही साफ करा, भावजी.”

त्यांनी तिचा पाय धरताच घोडीनं कान मागे टाकले. भावजी दचकून मागे सरले, ते थेट लिदीत बसले. गिऱ्हाईक हसतच निघून गेलं.

वरातीत हिच्यापुढे नाचलेल्यांनो, हे गेल्यावर तिला एक पेंढी तरी टाकलीत? मग विकायचे सल्ले कशाला देता?

भावजीही गेल्यावर मी राहिलेला खूर साफ केला.