‘म्हणे’ न लावता

नेरमीनला जाऊन सात आठवडे झाले. कोलोनमध्ये तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. तिची एक किल्ली माझ्याकडे असे, कारण स्वतःची किल्ली आत विसरून दार ओढून घेण्यात बाई पटाईत होती. त्या सकाळी बॉनला ऑफिसला निघताना तिचा पेपर दारातच पडलेला दिसला... किल्ली लावून आत गेले. ती खुर्चीत बसलेली होती. समोर दुसरी खुर्ची, रिकामी. नाटक लिहिताना ती अशाच दोन खुर्च्या मांडायची. एकीत बसून प्रश्न विचारायची, उठून दुसरीत जाऊन उत्तर द्यायची. सुरुवातीला भिंतीपलीकडून ते ऐकून मला वाटे, हिच्याकडे रोज एवढे पाहुणे कसे येतात? त्या दिवशी ती उत्तराच्या खुर्चीत होती.

ती तुर्की लेखिका, कथा आणि नाटकं लिहायची. एका नाटकावरून तिकडे खटला झाला, ती इथे आली ती आलीच. जर्मन दोघींचंही सारखंच मोडकं, म्हणून मैत्री लवकर जमली. एकदा मी आईशी फोनवर बोलत होते. नंतर तिने विचारलं, वाक्याच्या शेवटी तू सारखं काय चिकटवतेस? ‘म्हणे’चा अर्थ सांगितल्यावर बाईला कोण आनंद झाला. तुर्कीत क्रियापदालाच तसं शेपूट असतं. ‘ओल्दू’ म्हणजे मेला, मी पाहिलंय. ‘ओलमुश’ म्हणजे मेला म्हणे. बिचाऱ्या जर्मन भाषेला याला अर्धं पान लागतं, असं ती म्हणायची.

तिच्या कथांतली माणसं स्वतःबद्दलही असंच बोलत. एक बाई “मी मेले म्हणे” असं सांगत रोज बाजारात जाते, वांगी निवडते, आणि भाजीवाला मान वर करत नाही. ही कथा तिने भरदुपारी वाचून दाखवली होती, तरी घरी येऊन मी सगळे दिवे लावले. नेरमीनची आई वारली तेव्हा तिला तिकडे जाता आलं नव्हतं. “आई गेली म्हणे,” बारा वर्षं हेच. शिवाय आईच्या दर वाढदिवसाला तिच्या नावाने पत्र. मी एकदा हटकलं, तर शांतपणे म्हणाली, “मी पाहिलं नाही ना...”

तिची थोरली बहीण सेव्हिम इझमीरला, अंथरुणाला खिळलेली. तिला मीच फोन केला. माझं तुर्की चहा-साखरेपुरतं. तोंडून निघालं, “ओलमुश.” चुकून निघालं म्हणायला जीभ रेटत नाही. मरणाची बातमी आपण आडूनच सांगतो, तशी मी त्या शेपटाआड लपले. दफन तिची नाटकं करणाऱ्या इथल्या नाटकवाल्यांनी केलं, बहिणीला कागदपत्रंही त्यांनीच पाठवली.

मग भिंतीपलीकडे फोन वाजू लागला. रोज चारला, चहाच्या वेळी. बंद घरात बारा-पंधरा वेळा वाजायचा आणि थांबायचा. घरून काम असेल त्या दिवशी मी कानात काहीतरी घालून बसे. नाटकवाल्यांना विचारलं, तर तो नंबर फक्त बहिणीकडे होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी ‘म्हणे’ लावलं होतं. सेव्हिम वाट पाहत होती.

परवा चारला किल्ली घेऊन गेले. फोन वाजला, उचलला. पलीकडून थेट नेरमीनच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “नेरमीन?”

बहिणीबहिणींचे आवाज सारखे असतात हे कळतं, तरीही... मी खाली जमिनीवरच बसले. नाव सांगितलं. तुर्कीत ताईला आब्ला म्हणतात.

“आब्ला, ओल्दू. मी पाहिलं.”

मला कळावं म्हणून तिने सुटे सुटे शब्द करत विचारलं, “डोळे मिटलेले होते?”

“उघडे होते. मी मिटले.”

कुणी आपल्यासाठी हाताने काही केलं, की तुर्की लोक त्या हातांना आशीर्वाद देतात. नेरमीन माझ्या चहालाही द्यायची, म्हणून मला समजला.

“तुझ्या हातांना कधी दुःख न होवो,” सेव्हिम म्हणाली, आणि मोठ्याने रडू लागली.