यापुढे ते गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर उतरले

आमच्या इमारतीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आमची आत्या हॉस्पिटलात लिफ्ट चालवायची; तिने म्हणे एका मंत्र्याला तासभर त्या लिफ्टमध्ये कोंडून ठेवलं, आणि म्हणून तिला तिथून हाकललं. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी ही गोष्ट सांगताना 'कोंडून' या शब्दावर डोळे इतके मोठे करतात, की ऐकणाऱ्याला आपणच आत सापडलो असं वाटावं. गोष्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत एका मंत्र्याचे दोन होतात आणि त्यातला एक बेशुद्ध पडतो.

तर खरं असं. मंत्री नव्हता, हाडांचे मोठे डॉक्टर होते. तासभर नव्हे, काही मिनिटं. आणि हाकललंबिकललं कुणी नाही. आत्या वय झालं म्हणून रीतसर निवृत्त झाली. तिच्या जागी प्रवाशांनी स्वतःच दाबायची बटणं बसवली, आणि तिला जाताना भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ते मागे पडतं. राहिला प्रश्न, लिफ्ट थांबली कशी? त्याचं उत्तर शेवटी येईल, कारण घरच्यांनाही ते शेवटीच मिळालं.

आत्या एकतीस वर्षं त्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून होती. 'कितवा?' एवढा एकच प्रश्न ती जगाला विचारायची. बाकीचं जग आपणहून बोलायचं, आणि ती भिंतीकडे तोंड करून ऐकायची. अडचण एकच होती. लोक आपापल्या मजल्यावर उतरून जायचे. नवऱ्याने घटस्फोट का मागितला, हे कळायच्या आत चौथा यायचा. खरा खुनी कोण, हे दुसऱ्यावरच राहायचं. एकतीस वर्षांत आत्याच्या डोक्यात जगातल्या सगळ्या गोष्टी साठल्या होत्या, फक्त अर्ध्या.

त्यातही एक मेख होती. हाडांचा विभाग पाचव्यावर. त्यामुळे शिडीवरून पडणारी सगळी मंडळी, म्हणजे रंगारी, छपरं बसवणारे, वायरमन, थेट वरपर्यंत बोलत जायची. त्यांचं ज्ञान आत्याकडे जवळजवळ पूर्ण. डोळ्यांचा विभाग मात्र पहिल्यावर. घड्याळजी, शिंपी, सोनार अशी बारीक कामाची माणसं घसा खाकरेपर्यंत उतरायचीच.

निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात तिने घर डोक्यावर घेतलं. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसायची आणि कुणी आत शिरलं की, "कितवा?"

बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, शेवटी वैतागले. "ताई, हा ओटा आहे. ओट्याला मजले नसतात. सकाळी कुठेतरी जात जा ना जरा."

"कुठे जाऊ? वर आणि खाली, दोनच दिशा येतात मला," असं म्हणून ती हसली. पण त्या दिवशी ती नेहमीपेक्षा एक पोळी कमी जेवली, हे आईने बरोबर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली. वाचायला नाही, बसायला. तिथे तिला खाली जाणारा जिना दिसला. तिच्या लिफ्टला तळघराचं बटण कधीच नव्हतं, त्यामुळे तिला राहवेना. उतरली. खाली एक दमट खोली, तीन संगणक, एक कुरकुरणारा पंखा, आणि दारावर कागद: 'मुक्त माहिती मंडळ. ज्याला जे येतं ते त्याने लिहावं, ज्याला हवं त्याने फुकट वाचावं, ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्त करावी.'

मंडळात तेव्हा आत्याला धरून सगळे मिळून सात जण झाले. त्यातले दोघे नवरा-बायको, आणि त्यांचा अबोला. अध्यक्ष होते विज्ञानाचे निवृत्त मास्तर. बोलण्याआधी चष्मा काढायचा, 'तांत्रिकदृष्ट्या' म्हणायचं, आणि मग चष्मा लावून काय म्हणायचं होतं ते आठवायचं, अशी त्यांची पद्धत.

"तांत्रिकदृष्ट्या," मास्तर म्हणाले, "आम्हाला माणसं हवीच आहेत, बाई. वाचनालयाने ही खोली एका वर्षासाठी दिलीय. वर्षअखेर चाळीस स्वयंसेवक झाले नाहीत, तर इथे मोडक्या खुर्च्या ठेवणार आहेत. स्वयंसेवक म्हणजे ज्याने स्वतःच्या हाताने निदान एक नोंद लिहिली किंवा सुधारली तो. तुम्हाला काय येतं?"

"मला अर्धं येतं," आत्या म्हणाली.

"कशातलं अर्धं?"

"सगळ्यातलं."

मास्तरांनी चष्मा काढला, आणि तो परत लावून एक संगणक तिच्यापुढे सरकवला.

आत्याची पहिली नोंद होती 'गळका नळ'. आधी मुख्य कॉक बंद करावा, मग नळाची मूठ काढावी, आतला वॉशर बघावा, सगळं कसं शिस्तीत. आणि शेवटी: 'लोक सर्वांत मोठी चूक करतात ती म्हणजे. यापुढे ते गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर उतरले.'

"बाई, हे ज्ञान आहे की कोडं?" मास्तर कडाडले.

"मी ऐकलं तेवढं लिहिलं. मनाचं घालायचं का त्यात?"

मनाचं घालायचं नाही हा तर मास्तरांचाच नियम. पण 'नोंद पूर्ण असावी' हाही त्यांचाच. नियम नियमाला धडकला, तेव्हा मास्तरांनी मधला मार्ग काढला: आठ दिवस वाट पाहायची, नाहीतर नोंद काढून टाकायची.

सहाव्या दिवशी जिन्यावरून पाना हातात घेतलेला एक माणूस धाडधाड खाली आला. "कोण उतरलं तिसऱ्या मजल्यावर? काय समजलात! मी अर्धा नळ खोललाय, आणि गिऱ्हाईक मला मोबाईलवर हे वाचून दाखवतंय. म्हणतंय, पुढचं सांगा. अहो, नळ बंद करताना लोक जीव खाऊन पिळतात, पिळतात! वॉशर चिरतो! एवढं साधं कुणाला लिहिता येत नाही?"

"तुम्हीच लिहा ना," आत्या म्हणाली आणि सवयीने त्याला स्टूल दिलं.

प्लंबर बसला. एका बोटाने टकटक करत त्याने तीन ओळी लिहिल्या आणि पाना विसरून गेला. दुसऱ्या दिवशी पाना न्यायला आला, तो चार तास बसला. आठवा स्वयंसेवक.

मग रांगच लागली. आत्या रोज सकाळी डब्यात दोन पोळ्या घेऊन तळघरात जायची आणि डोक्यातला एकेक प्रवासी उतरवायची. 'भिंतीला पोपडे का धरतात' ही नोंद साडेचार मजले भरेल एवढी होती. शेवटचं अर्धं पान लिहायला हाताला पट्टा बांधलेला रंगारी स्वतः आला. 'घड्याळ मागे पडत असेल तर' ही नोंद मात्र शीर्षकापेक्षा लहान होती: 'प्रथम पाहावे की. यापुढे ते पहिल्या मजल्यावर उतरले.' ती वाचून सत्तरीचे एक घड्याळजी हातात भिंग घेऊन आले. "हं. माझ्या धंद्याला तीन शब्द? हं. पन्नास वर्षं केलंय मी हे. हं." महिनाभरात त्यांनी एकट्याने छत्तीस नोंदी लिहिल्या. प्रत्येक वाक्यानंतर ते 'हं' म्हणायचे, त्यामुळे तळघरात मोठं घड्याळ लावल्यासारखं वाटायचं.

अबोला धरलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याने 'इलॅस्टिकच्या चादरीची घडी' अशी नोंद लिहिली. दुरुस्तीच्या रकान्यात बायकोने लिहिलं: 'चूक. नेहमीप्रमाणे.' खाली नवऱ्याने लिहिलं: 'मग दाखव करून.' दोन वर्षांनी झालेलं हे त्यांचं पहिलं संभाषण. मंडळाने ते जपून ठेवलंय.

सहा महिन्यांनी मास्तरांनी सभा बोलावली. "तांत्रिकदृष्ट्या आपल्याकडे एकशे बारा अपुऱ्या नोंदी आहेत! बाहेर लोक आपल्याला काय म्हणतात ठाऊक आहे? लिफ्ट मंडळ! मी त्या सगळ्या काढून टाकणार आहे."

आत्या भिंतीकडे तोंड करून बसली, लिफ्टमध्ये बसायची तशी. त्या एकशे बारा नोंदी म्हणजे तिची एकतीस वर्षं होती. ती पुसली गेली असती, तर तिच्याकडे मागे पडणारं घड्याळ तेवढं उरलं असतं.

प्लंबर उठला. "मास्तर, पूर्ण नोंद वाचून माणूस घरी जातो. अर्धी वाचून तो इथे येतो. मी काय सभासद व्हायला आलो होतो? मी भांडायला आलो होतो!"

"मी पण," रंगारी म्हणाला.

"हं," घड्याळजी म्हणाले.

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. समोर चोवीस माणसं, त्यातली सतरा त्यांच्याशी भांडायला आलेली. "ठीक आहे. वर्षअखेर चाळीस झाले तर नोंदी राहतील. नाही झाले तर खोलीही गेली आणि नोंदीही."

वर्ष संपायला चार दिवस उरले, तेव्हा फळ्यावर आकडा होता एकोणचाळीस. आणि आत्याचे प्रवासी संपले होते. तिने डोकं झाडून पाहिलं, स्टुलाखाली पाहावं तसं. एकही उरला नव्हता.

इथे मला नाइलाजाने मधे यावं लागतंय. मी तिची भाची. सगळ्यांच्या नकला करते म्हणून ती मला पोपट म्हणते. माझं वय मोजणीत बसत नाही, पण लिहायला बंदी नव्हती. म्हणून मी एक नोंद लिहिली: 'हॉस्पिटलची लिफ्ट आणि लिफ्टवाली'. मावशींची अफवा कायमची गाडायची, असा बेत. त्यात मी ठणकावून लिहिलं: 'एकदा ही लिफ्ट चौथ्या मजल्याजवळ सात मिनिटं आपोआप बंद पडली.'

आत्याने चष्मा नाकावर घेऊन वाचलं. मंडळाचा नियम आहे की स्वतःबद्दलच्या नोंदीला स्वतः हात लावायचा नाही. तिने नाही लावला. फक्त विचारलं, "'आपोआप'ला पुरावा काय?"

"पुरावा कशाला? मला माहीत आहे. तू असलं काही करशीलच कशी?"

"पैज?"

"पैज! हरशील तू."

"हरले तर जन्मभर माझी नक्कल कर, मी ओरडणार नाही. तू हरलीस तर आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक अख्खा दिवस स्टुलावर बसायचं. 'कितवा?' विचारायचं आणि गप्प राहायचं."

मी मनातल्या मनात तिचा आवाज घोटायला सुरुवातही केली.

शेवटच्या दिवशी, वाचनालयाच्या बाई मोजणीची वही घेऊन जिना उतरतच होत्या, तेवढ्यात त्यांच्या मागून काठी टेकत एक उंच म्हातारे गृहस्थ आले. पाचव्या मजल्याचे, हाडांचे डॉक्टर.

"हे कोणी लिहिलं? सात नाही, अकरा मिनिटं! आणि आपोआप? या बाईंनी लाल बटण दाबलं होतं!"

घड्याळजीही 'हं' म्हणाले नाहीत. सगळे आत्याकडे बघायला लागले. ती पंख्याकडे बघत होती.

"मी माझ्या सहायकाला सांगत होतो," डॉक्टर एका स्टुलावर बसत म्हणाले, "की शिकत असताना एकदा भर दुपारी कामावरून पळालो आणि झोपायला चादरींचं कपाट उघडलं, तर आत... आणि चौथा मजला गेला. खाडकन लिफ्ट थांबली. या बाई वळल्या, म्हणाल्या, 'आत काय?' मी म्हटलं, पाचवा येऊ द्या. म्हणाल्या, 'पाचव्यावर तुम्ही उतरणार. एकतीस वर्षं सगळे उतरतायत.'"

"आणि आत काय होतं?" प्लंबरने विचारलं.

"आमचे सर. आधीच येऊन घोरत होते."

तळघर इतकं हसलं, की वरच्या वाचनालयातून कुणीतरी पाय आपटला. डॉक्टरांनी संगणक ओढला, 'आपोआप' खोडलं, 'लाल बटण दाबल्यामुळे' लिहिलं आणि सात खोडून अकरा केलं.

"थांबा!" मास्तरांनी चष्मा काढला. "तांत्रिकदृष्ट्या, स्वतःबद्दलच्या नोंदीत स्वतः..." त्यांनी चष्मा लावला. फळ्यावरच्या एकोणचाळीसकडे पाहिलं. वहीवाल्या बाईंकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करायच्या बेतात होती. "नोंद लिफ्टची आणि लिफ्टवालीची आहे," मास्तर सावकाश म्हणाले. "हे प्रवासी आहेत. प्रवाशाला मनाई नाही. आणि लिफ्टने हरकत घेतलेली नाही. चाळीस!"

वहीत चाळीस पडले. मोडक्या खुर्च्या वरच राहिल्या. आत्याने मास्तरांना बसायला स्वतःचं स्टूल तेवढं सरकवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय गं, पोपटा? झाला का तुझा पोपट?"

झाला. रविवारी सकाळी मी आमच्या लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसले. "कितवा?" विचारायचं आणि गप्प. दुपारपर्यंत जीव टांगणीला लागला. मग दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी तळमजल्यावर आत आल्या, बरोबर त्यांची बहीण. बहिणीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "अगं, त्या चौथ्या मजल्यावरच्यांच्या भांडणाचं खरं कारण वेगळंच आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं, आणि..."

दुसरा आला. दोघी उतरायला वळल्या.

माझा हात कधी लाल बटणाकडे गेला, ते मला कळलंच नाही.