एक घर, एक नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि बदलीसाठी मी कुणाकुणाचे पाय धरले, ते सगळं तिला माहीत आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. समोर बसून हे बोलायला मला जमलं नसतं.

मी इंग्रजीचा मास्तर, आता रिटायर. धुळ्यात घर आहे, पेन्शन वेळेवर येते, दारात शेवगा आहे, मुलगी नाशकात सुखात आहे. माझं छान चाललंय. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं, हा माणूस झोपत नसेल. झोपतो की. दुपारचाही झोपतो. आता याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

तेव्हा माझी नोकरी सोनगीरच्या पलीकडे एका गावात होती. गावाला लागून धरण, आणि धरणाच्या काठावर मासे धरणाऱ्यांची वस्ती. होड्या कुणाकडेच नव्हत्या. ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवायची, तिच्यावर बसायचं, हातांनी पाणी मारत मधोमध जायचं आणि जाळं लावून यायचं. सापडलेले मासे ठेकेदाराला, तो म्हणेल त्या भावाने. धरणाचा ठेका त्याचा, म्हणजे पाणीही त्याचं. घरच्या पोरांसाठी कुणी एखादा रोहू शर्टाखाली दडवून आणला तर ती चोरी ठरायची, आणि मारही बसायचा.

तिथे एक फादर यायला लागले. केरळचे. धुळ्याहून जुन्या मोटारसायकलवर यायचे, गुडघ्यापर्यंत धूळ. लोकांना आधी वाटलं, हा बाटवायला आलाय. एकाने तोंडावर विचारलं तसं. फादर हसले — म्हणाले, माझा धर्म मला पुरतो, तुमचा तुम्हाला राहू द्या, पण मच्छीमार सोसायटी काढा आणि धरण तुम्हीच ठेक्यावर घ्या. त्यांचे वडील समुद्रावर मासे धरायचे. चर्चमध्ये ते वास येतो म्हणून मागच्या बाकावर बसायचे, हेही फादरनीच सांगितलं. ते सांगायचे, पैसा लावणाऱ्याच्या आधी कष्ट करणारा येतो. नदी, तळं, समुद्र देवाने सगळ्यांसाठी केलेत. आणि खालच्या माणसांना जे स्वतः ठरवता येतं, ते वरच्यांनी ठरवू नये. ही माझी मतं नाहीत, म्हणायचे, आमच्या चर्चचं हे कितीतरी जुनं शिक्षण आहे, फक्त आमच्याच लोकांना ते ठाऊक नसतं.

हे सगळं ते सांगायचे इंग्रजीत. त्यांची हिंदी बाजारापुरती. मुद्द्यावर आले की अडकायची. मग मी. ते एक वाक्य बोलायचे, मी त्याची अहिराणी करायचो. आईच्या तोंडून शिकलेली भाषा, ती इतकी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या पाच शब्दांचे मी पंधरा करायचो, मध्येच एखादी टवाळी घालायचो, लोक खदखदून हसायचे. फादरना वाटायचं, आपण फार विनोदी बोलतो. मला ते काम फार आवडायचं. मिरवायला कुणाला आवडत नाही?

वस्तीत जाळं टाकणारी बाई एकच — सोजाअक्का. नवरा सुरतेला कापडाच्या कामाला गेला तो तिकडचाच झाला. ही लुगड्याचा काचा मारून ट्यूबवर बसायची आणि पुरुषांच्याही पुढे, खोल पाण्यात जायची. एकदा तिने फादरना माझ्यामार्फत विचारलं, "सोसायटीमा मन्हं नाव लागी का? मी बी जाळं टाकस ना." फादरचा चेहरा उजळला. म्हणाले, तिला सांगा, पहिलं नाव तिचंच. ते मी तिला सांगितलं. तेवढं मात्र जसंच्या तसं सांगितलं.

मग सभेचा दिवस आला. मारुतीच्या पारावर सगळे जमले. सोसायटीची नावं ठरायची होती. सभेआधी भिला आबांनी मला बाजूला घेतलं. वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. "सर, बाईनं नाव काढू नका," ते म्हणाले. "निम्मा लोक उठी जातीन. तिना नवरा शे ना सुरतले, त्यानं नाव लावा." मी म्हटलं, बघू.

फादर बोलले. मी एकेक वाक्य उचलत गेलो, रंगात आलो होतो. आणि मग ते म्हणाले — मला ते अजून पाठ आहे — सभासद तोच, जो पाण्यात उतरतो. पुरुष असो की बाई. पण हे मी ठरवणार नाही. तुम्ही ठरवा, आणि बायकांनाही विचारा.

मी खाकरलो. समोर सोजाअक्का बसली होती, तिच्या मागे भिला आबा उभे. आणि मी म्हटलं, "फादर म्हणतस, एक घर, एक नाव. घरना मानूसनं. बठ्ठास्ले मंजूर शे ना?"

मानूस म्हणजे आमच्याकडे पुरुषच. हात वर झाले. सोजाअक्काचा हात मांडीवरच राहिला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. फादरकडे बघत होती. फादरनाही तो खाली राहिलेला हात दिसला. त्यांनी मला हळूच विचारलं, तिचं काय? मी म्हटलं, तिला नवऱ्याचंच नाव हवंय. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, ठीक आहे, निर्णय तिचा. मी तिच्यावर लादलं तर माझ्यात आणि ठेकेदारात फरक काय राहिला? जे ते इतके दिवस शिकवत होते, ते त्यांनी माझ्या थापेवर पाळलं.

का केलं मी असं? सभा मोडली असती — हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. मोडली असतीही, कोण जाणे. पण खरं सांगायचं तर माझा सचिव व्हायचा बेत होता, आणि या लोकांनी माझ्याकडे तोंड वाकडं करून बघितलेलं मला चाललं नसतं. शिवाय त्या दिवशी घरी वरण-बट्टी होती. लवकर या, बायकोने बजावलं होतं, गार झालेल्या बट्ट्या मी परत तळणार नाही. वाद पेटला असता तर रात्र झाली असती. एका बाईचं पाणी जात होतं आणि माझ्या डोक्यात बट्ट्या. आलं ना हसू? मलाही येतं कधीकधी, आणि मग लाज वाटते.

सोसायटी झाली. ठेका मिळाला, ठेकेदार गेला. होड्या आल्या, घरांवर पत्रे आले, पोरं माझ्या वर्गात येऊन बसायला लागली. हे सगळं खरंच चांगलं झालं, आणि त्यात माझाही हात आहे. त्याचा मला आनंद आहे, तो मी लपवणार नाही. फादरची वर्षभरातच दक्षिणेत बदली झाली. मला शाल मिळाली, नारळ मिळाला.

सोजाअक्काचा नवरा दर दिवाळीला सुरतेहून यायचा, सही करून बोनस उचलायचा आणि जायचा. ती त्याच्या नावावर पाण्यात जात राहिली. मग एका दिवाळीला त्याने आपलं सभासदपण पुतण्याला देऊन टाकलं. सोसायटीचा नियम होता — पाण्यात जाळं सभासदाचंच. हा नियम तिला समजावून सांगायचं काम सचिवाचं. म्हणजे माझं. मी नीट, गोड शब्दांत समजावलं. तिने ऐकून घेतलं. "फादरनीच तसं ठरायं ना," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या शेडमध्ये रोजाने मासे साफ करायला बसली. पाण्याकडे पाठ करून बसायची.

गेल्या हिवाळ्यात फादर आले. आता म्हातारे झालेत, काठी लागते. हिंदी होती तेवढीही विसरलेत. सोसायटीच्या हॉलमध्ये सत्कार झाला, फोटो झाले. मग ते म्हणाले, ती ट्यूबवरची बाई आहे का अजून? मी त्यांना शेडमध्ये घेऊन गेलो. बाकीची मंडळी जेवणाच्या तयारीला लागली होती. आम्ही तिघंच.

सोजाअक्काने हात धुतले, पदराला पुसले, उभी राहिली. फादरनी हात जोडले. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "सर, यास्ले इचारा. पहिलं नाव मन्हं व्हतं ना, मंग त्या दिनले या का बरं फिरनात?"

फादरनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणतेय ती?

इतकी वर्षं मध्ये गेली होती. मला नोकरी जायची भीती नव्हती, सभा मोडायची नव्हती. भिला आबाही आता नाहीत. मी म्हटलं, तब्येत कशी आहे, विचारतेय.

फादर खूश झाले. सांगा तिला, गुडघे दुखतात, बाकी उत्तम.

मी सोजाअक्काकडे वळलो आणि म्हणालो, "फादर म्हणतस, मन्ही चूक व्हयनी. माफ कर."

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. फादर आपले हसत होते, गुडघा चोळत होते. मग तिचे डोळे भरले. "जाऊ द्या," ती म्हणाली. "इतला मोठा मानूस माफी मांगस, आखो काय पाहिजे?" तिने टोपल्यातला सगळ्यात चांगला कटला मासा निवडला, साफ केला, कापला आणि पिशवीत बांधून फादरच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

परतताना गाडीत फादर माझ्या शेजारी होते. लोकांची पापं ऐकून घेण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, असा माणूस — आणि सोनगीर ते धुळे सगळा रस्ता. मी त्यांना नव्या रस्त्याबद्दल सांगत होतो. मध्येच ते म्हणाले, त्या बाईची गोष्ट मी तिकडे मुलांना नेहमी शिकवतो. गरिबाने दिलेला नकारही आपण मानला पाहिजे, हे मी तिच्याकडून शिकलो. मी म्हटलं, हो, बरोबर आहे.

धुळ्यात उतरताना त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. रात्रीची गाडी, मासा कुठे नेणार. तुम्ही खा, म्हणाले, तुमचाच हक्क आहे.

बायकोने तो तिखट-मीठ लावून तळला, वर लिंबू पिळलं. ताजा होता, गोड होता. मी पोटभर खाल्ला.